आईच्या हातावरचा परवाना

आमच्या घराला दोन वास होते, तिळाच्या तेलाचा आणि दिव्याच्या काजळीचा, आणि दोन्ही आईच्या अंगावरून घरात यायचे. सकाळी ती बाळंतिणींना आणि त्यांच्या लेकरांना तेल लावून न्हाऊ घालायला जायची, दुपारी आमच्याच पडवीत बसून बायकांच्या हातावर गोंदायची. देवळाली कॅम्पच्या बाजारामागे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी, एवढा आमचा संसार. दादा, म्हणजे माझे वडील, सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांची पाळी बदलली की घरातल्या जेवणाच्या वेळा बदलायच्या, आईच्या मात्र कधी बदलल्या नाहीत. फौजी लोकांच्या बायका दूरदूरच्या, कुणी पंजाबची, कुणी केरळची, बाळंतपणाला माहेरी जाता न आलेल्या. आईची भाषा त्यांना येत नसे, त्यांची आईला येत नसे, तरी तासभर दोघी बोलत असायच्या. पाय लांब करून बसायचं, लेकरू नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि हात फिरवत राहायचं. परत येताना तिच्या पदराच्या गाठीला काही ना काही बांधलेलं असे, कधी डिंकाचा लाडू, कधी त्या लोकांची ती जाडजाड मठरी. मग ती कुळथाच्या पिठाचे शेंगोळे टाकायची, वर लसणाची चरचरीत फोडणी, आणि आम्ही दोघी मायलेकी ताटलीला तोंड लावून ते गरम पाणी सुरकन् प्यायचो. अजून मला कुळथाचा वास आला की दुपार झाली असं वाटतं, घड्याळात काहीही वाजलेलं असो.

गोंदण्याची तिची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, काजळीत माक्याच्या पानांचा रस घोटून केलेली शाई, आणि शेवटी लावायला हळद. बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा आणि तिला माहेर सांगायला लावायचं. दार कोणीकडं तोंड करून, विहिरीला पाणी कितपत, गाय कोणत्या रंगाची. बाई सांगत जाते, सुई चालत जाते, आणि दुखतंय म्हणेपर्यंत तुळस उठलेली असते. तिकडे रेंजवर तोफांचा सराव चालू असला की आमच्या फडताळातली पितळी भांडी एकमेकांना लागून वाजायची. तेव्हा आई प्रत्येक धडाक्याच्या जरा आधी सुई उचलायची, कसं कळायचं कुणास ठाऊक. म्हणायची, "दचकून ठिपका भलतीकडं गेला तर तो मरंस्तवर तिथंच ऱ्हायला. भांड्यावरचं नाव चुकलं तर पाट्यावर घासता येतं, हे नाय घासता येत." तिचा एक नेम होता, बाईच्या अंगावर खोटं काही काढायचं नाही. दीर नाही तिला दिराचं नाव नाही, लेकरू झालं नाही तोवर पाळणा नाही. गोंदलेलं आपल्याबरोबर वर जातं आणि तिथे ते वाचतात, असं तिचं साधं म्हणणं होतं.

मी सातवीत होते. त्या साली कॅम्पात कावीळ फार झाली होती, घरटी एक माणूस पिवळं. एके दिवशी परवान्याच्या ऑफिसातले इन्स्पेक्टर आमच्या पडवीत आले. पगारे त्यांचं आडनाव, काखेत छत्री, आणि बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं. ते म्हणाले, "इंदूबाई, आता नियम झालाय. जो कोणी माणसाच्या अंगाला सुई लावतो किंवा मालिश करतो, त्याला परवाना लागणार. प्रत्येक बाईला सुया उकळून घ्यायच्या, कापड धुतलेलं, हात साबणानं धुतलेले."

"हात तर मी रोजच धुते, सायेब. तेल लावते म्हंजी हात मळके असं नाय."

"मी तसं म्हणत नाही हो. आणि परवान्याचा नंबर काम करताना अंगावर दिसला पाहिजे. आम्ही पितळी बिल्ले देणार आहोत, ते अजून आले नाहीत. तोवर कागदावर नंबर लिहून पदराला टाचणीनं लावा."

परवाना मिळाला, नंबर सतरा. एक कडक कागद, सगळा इंग्रजी, खाली गोल शिक्का. दादांनी तो चौकटीत बसवून देवांच्या शेजारी टांगला आणि म्हणाले, "झालं, तुझी आई सरकारी झाली." मला इंग्रजी दोन वर्षं होतं. मी कागद बोट लावून लावून वाचला, कळलं फार थोडं. अगदी खाली 'मार्च' असं लिहिलेलं मात्र मला वाचता आलं. कधीची तरी तारीख असेल म्हणून मी सोडून दिलं. परवाना ऑक्टोबरात मिळाला होता, मग त्यावर मार्च कशाला, हा प्रश्न मला पडला का नाही? आज इतक्या वर्षांनी मला असंही वाटतं की पडला होता आणि मी विचारला नाही. पण हे वाटणं खरं आहे की मागाहून आलेलं, ते सांगता येत नाही.

माझी नात सई आता गंगापूर रोडला टॅटूचा स्टुडिओ चालवते. काचेचं दार, थंड हवा, प्रत्येकाला नवीन सुई, वापरली की लाल डब्यात. परवा तिच्याकडे महानगरपालिकेचा माणूस कागद बघायला आला होता. संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन करवादली, "आजी, हे सारखे कागदच मागतात." मी म्हटलं, मागू देत बाई, मागतातच ते. ती म्हणाली, तुला काय माहीत. तेव्हा मनात आलं, हे एकदा लिहून ठेवावं.

तर टाचणीची गोष्ट. दोनच दिवसांत आईच्या लक्षात आलं की हे जमणार नाही. कागद तेलानं पारदर्शक झाला आणि नंबर दिसेना, दुसरा केला तो न्हाणीत विरघळला. आणि टाचणी तर भलतीच. एका हवालदाराच्या बायकोचं लेकरू पायांवर घेताना टाचणी सुटून त्याच्या दुपट्यात गेली. सापडेपर्यंत आईच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "मंगे, सुया उकळ."

मला वाटलं कुणी बाई येणार आहे. मी सुया उकळून आणल्या तर आई पडवीत एकटीच, उजवा हात उघडा टाकून बसलेली. डावा हात तिचा मनगटापासून कोपरापर्यंत भरलेला होता, तिथे मुंगीला जागा नव्हती. उजव्यावर स्वतःला गोंदता येत नाही, म्हणून मी.

"सतरा काढ. त्या कागदावर हाय तस्साच."

मी तोवर फक्त दुधी भोपळ्यावर हात बसवला होता. म्हटलं, "आई, दादांना विचारू या का?"

"दादाच्या अंगावर काढायचंय का?"

मी काडीनं आकडे रेखले आणि सुई टेकवली. भोपळा गार असतो आणि तो तुमच्याकडे बघत नाही. आईची कातडी गरम होती, खाली शीर उडत होती, आणि मी पहिल्या चार ठिपक्यांतच रडायला लागले. ती म्हणाली, "नाक तिकडं पूस, शाईत पाणी पडंल." मग मला धीर यावा म्हणून तिनं आपणच आपलं माहेर सांगायला घेतलं. सिन्नरच्या बाजूचं तिचं गाव, दारात शेवग्याचं झाड, त्याच्या शेंगा शेजारीण चोरायची आणि वर त्याच शेंगांची आमटी आमच्याकडेच आणून द्यायची. एकाचा दांडा सरळ आला. सातची रेघ खाली जाताना जराशी वाकली. "असू दे," आई म्हणाली, "चालताना माणूस वाकतंच." हळद लावून तिनं हात उंच धरला आणि असा बघितला, जसा बाई नव्या बांगड्या भरून बघते.

दादा दुसऱ्या पाळीहून आले आणि बघून म्हणाले, "आता तुझ्यावर पत्ता लिहून तिकीट लावलं की पोस्टात टाकता येईल." पण त्यांनाही आतून बरंच वाटलं असावं, कारण कारखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आणि काय सांगू, त्या नंबरानं आईचं काम वाढलं. भगूर, लहवित, कुठून कुठून बायका यायच्या. सरकारी नंबरवाली बाई म्हणे. मोठ्या अधिकाऱ्यांच्या बायका आधी आईचा हात बघायच्या, मग लेकरू द्यायच्या. पगारे साहेब एकदा तपासायला आले, त्यांनी सुया बघितल्या, कापड बघितलं, सगळं चोख होतं. मग त्यांना हात दिसला. म्हणाले, "हे कोणी केलं?" आईनं माझ्याकडे बोट केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि छत्री घेऊन गेले. तेव्हाच का नाही सांगितलं त्यांनी? सांगून उपयोग नव्हता म्हणून, की सांगवेना म्हणून? मी पुष्कळदा विचार करते.

मार्चच्या शेवटी त्यांनी सांगितलं. दारातच उभे राहून, नजर परवान्याच्या चौकटीकडे ठेवून. "इंदूबाई, परवाना वर्षाचा असतो. एक एप्रिलपासून नवा घ्यायचा. नवं रजिस्टर, नवे नंबर."

"नवे म्हंजी?"

"म्हणजे जो आधी येईल त्याला एक, मग दोन, असं."

आई हसली. तिला वाटलं साहेब गंमत करतात. मग त्यांचं तोंड बघून तिचं हसू उतरलं आणि तिनं हळूच पदर उजव्या हातावर ओढला. "सायेब, मी काय दर वर्साला नवा हात आणू?"

त्या रात्री घरात कुणाला काही सुचेना. दादा म्हणाले, "कागदावर काय असेल ते असू दे, हातावरचं राहू दे. कोण बघतंय?" आई म्हणाली, "मी बघते ना." दादा म्हणाले, सातला एक पोट काढ आणि आठ कर, नऊ कर, येईल तो कर. जिनं जन्मात कुणाच्या अंगावर खोटं काढलं नाही तिच्याच अंगावर खोटा आकडा राहणार होता. आणि बायका नंबर बघून हात देत होत्या, त्यांना उद्या कळलं की कागदावर दुसरंच आहे, तर तिच्या सुईखाली कोण हात ठेवणार? मला हे तेव्हा इतकं स्पष्ट कळत नव्हतं. मला इतकंच वाटत होतं की तो आकडा मी काढलाय, म्हणजे खोटं मी काढलंय. सकाळी उठून आईच म्हणाली, "जो आधी जाईल त्याला एक. मग सतरावं जायचं. त्यात काय एवढं."

एक एप्रिलला उन्हं वर यायच्या आत आम्ही ऑफिसच्या खिडकीपाशी. माझं काम मोजण्याचं. पण रांग म्हणजे काय भाकरी नाही थापत जाऊन मोजायला. न्हावी, दूधवाले, खाटीक, चहावाले, सगळे एकाच रजिस्टरात, आणि कुणी आत जाई, कुणी कागद विसरला म्हणून घरी पळे. आम्ही तिसऱ्या होतो. आई मागच्याला म्हणे, "तुम्ही व्हा म्होरं." तो म्हणे, "अहो मावशी, तुम्ही आधी आलात." ती म्हणे, "मला सतरावी जायचंय." शेवटी बबन न्हाव्यानं खोदून विचारलं आणि आईनं हात उघडा करून दाखवला. मग सगळेच एकदम बोलायला लागले.

बबन म्हणाला, "हे माझ्यावर सोपवा. मी खिडकीपाशी उभा राहतो आणि प्रत्येक नंबर ओरडून सांगतो. मंगे, तू बोटं मोड."

"तुझी स्वतःची दाढी कर आधी," खाटीक म्हणाला, "आमचा नंबर ओरडून सांगायला तू कोण तहसीलदार?"

तरी तो ओरडत राहिला. एका दूधवाल्यानं दोन दुकानांचे दोन नंबर घेतले, तेव्हा माझं एक बोट कमी पडलं. एका भेळवाल्याला डॉक्टरचा दाखला नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हा एक जास्त झालं. मी सात म्हणे तेव्हा बबन आठ म्हणे, आणि कारकून आतून म्हणे, "बाहेर बाजार भरलाय का?" ऊन चढलं. बाराच्या सुमाराला बबन म्हणाला, "पंधरा." आमच्या पुढे फक्त खानावळवाला राहिला होता.

आमच्या मागे एक तरणी पोरगी उभी होती, बर्फाच्या गोळ्याची गाडी लावणारी, पहिल्यांदाच परवान्याला आलेली. कडेवर दोन-तीन महिन्यांचं लेकरू, आणि ते तासभर नुसतं किंचाळत होतं, पाय पोटाशी ओढून ओढून. आई मघापासून वळून वळून त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिनं हात पुढे केले, "आण गं इकडं." ती तिथेच पायरीवर बसली, पाय लांब केले, लेकरू नडग्यांवर पालथं घेतलं आणि तळवे एकमेकांवर चोळून गरम केले.

खानावळवाला बाहेर आला. बबन ओरडला, "सोळा गेला! इंदूमावशी, या." मीही ओरडले, "आई, सोळा झाले." त्याच वेळी आई मान खाली घालून त्या पोरीला काहीतरी म्हणाली. लेकरू इतकं रडत होतं की मला नीट ऐकू आलं नाही. एवढंच ऐकलं, "जा तू, याला मी बघते." आणि ती पोरगी, बिचारीला काही माहीत नाही, खिडकीशी गेली. बबननं तिला अडवायला हात वर केला आणि तसाच ठेवला, कारण बाईमाणसाला अडवायचं कसं. मी पुन्हा ओरडले. आईनं वर पाहिलं नाही. तिचा अंगठा लेकराच्या कमरेपासून वर सरकत होता. आतून शिक्का पडल्याचा आवाज आला. मग लेकरानं एक मोठा ढेकर दिला, इकडे तिकडे पाहिलं आणि गप्प झालं.

आईला अठरा मिळाला. बबन खिडकीत डोकं घालून भांडला, ती पोरगी हकीकत ऐकून रडवेली झाली आणि आपला कागद पुढे करून म्हणाली, "मावशी, माझा घ्या की." कारकून म्हणाला, "परवाना म्हणजे काय एसटीतली जागा आहे, उठून द्यायला? शाईनं लिहिलंय." आईनं त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागदाची घडी करून कमरेला खोचली. घरी येताना मी विचारलं, "आई, तुला ऐकू आलं होतं का? सोळा झाले ते?" ती चार पावलं चालली आणि म्हणाली, "वारा धरला होता त्याच्या पोटात."

दादांनी जुना कागद काढून चौकटीत नवा घातला. दुसऱ्या दिवशी लहवितची एक बाई गोंदायला आली, सोनाबाई तिचं नाव. आईनं तिचा हात मांडीवर घेतला नाही. आधी आपला हात दाखवला, मग चौकट दाखवली आणि म्हणाली, "हे सतरा हाय आणि ते अठरा हाय. आता हात द्यायचा तर दे." सोनाबाईनं दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "घरी विचारून येते." ती गेली. मग नुसत्या लेकरांच्या मालिशी. पडवी रिकामी. काजळीची वाटी वाळून तडकली. मी शाळेतून आले की आई पडवीत तांदूळ निवडत बसलेली असायची, निवडलेलेच परत निवडायची. आठ दिवस, दहा दिवस, मला नक्की आठवत नाही. बायकांना काय खटकत होतं, आकडा की आईचं तो सांगणं, हे मला तेव्हाही कळलं नाही. सईला हे सांगितलं तर म्हणते, आजी, तिनं गप्प बसायचं ना, कुणी विचारलं होतं? आता ह्याला मी काय सांगू?

मग एका दुपारी सोनाबाई परत आली. एकटी नाही, बरोबर नणंद आणि नणंदेची जाऊ. आल्या आल्या सतरंजीवर बसली, बांगड्या वर सारल्या आणि हात सरळ आईच्या मांडीवर ठेवला. "काढ तुळस," म्हणाली, "पण आधी ते सतराचं सांग. मी घरी सांगितलं तर ह्यांना पटंना. न्हावी ओरडतोय आणि ही बसलीय पायरीवर, असं कुठं असतं का म्हणत्यात."

आई तिच्या हाताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "मंगे, शाई घोट." मी आत पळाले. आयुष्यात मी एवढ्या जोरानं शाई घोटली नसेल. बाहेर येऊन आईच्या पाठीमागे बसले आणि कान देऊन ऐकायला लागले, कारण आता ती सांगणार होती, तिला ऐकू आलं होतं की नव्हतं. सुई चालू झाली. आई सांगत गेली, टाचणी, न्हाव्याचं ओरडणं, दोन नंबर घेणारा दूधवाला. बायका खुदुखुदु हसत होत्या. मग लेकरू आलं, पायरी आली.

नणंद म्हणाली, "आगं पण तुझा नंबर आलावता ना? मग गेली का नाय?"

आईनं सुई उचलली, कापडानं ठिपके टिपले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोजायला पोरगी उभी केली होती. पोरीचं मोजणं चुकलं."

तिघी माझ्याकडे वळून हसल्या. सोनाबाई म्हणाली, "असू दे गं, लहान हाय." मी तोंड उघडलं. आईचा हात जागच्या जागी थांबला होता, सुई ठिपक्याच्या वर, आणि ती वाट बघत होती. मी तोंड मिटलं आणि हळदीची वाटी पुढे सरकवली. मग सुई खाली आली. पुढे कॅम्पात मी सतरापर्यंत मोजता न येणारी म्हणूनच ओळखले गेले, माझ्या लग्नात बबननं मांडवात उठून ती गोष्ट सांगितली, आणि आई सगळ्यांबरोबर हसली. मी कधीच काही बोलले नाही. मला मोजता येत होतं. मी दोनदा ओरडले होते.